वजावट वाढली, पण हातात किती आले?

अर्थसंकल्पाचे भाषण संपले की नोकरदारांच्या गटांमध्ये एकच प्रश्न फिरू लागतो : महिन्याला हातात किती वाढणार? एका खासगी कंपनीत पगारपत्रके तयार करण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे तो प्रश्न शेवटी माझ्या टेबलावर येतो. भाषणात जाहीर झालेल्या आकड्यावरून त्याचे उत्तर देता येत नाही, कारण एखादी वजावट वाढवताना सरकारने दुसऱ्या हाताने काय काढून घेतले, हे पाहिल्याशिवाय पगारातला फरक कळत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१८ चे आहे. पगारदारांची प्रमाणित वजावट, म्हणजे करपात्र उत्पन्न काढताना पगारातून सरसकट वजा होणारी, आपण जिला स्टँडर्ड डिडक्शन म्हणतो ती रक्कम, २००५ च्या अर्थसंकल्पाने बंद केली होती. १ फेब्रुवारी २०१८ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी ती ४०,००० रुपयांच्या रूपाने परत आणली आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे तोच आकडा गाजला. मात्र तिच्या बदल्यात महिन्याला १,६०० रुपये, म्हणजे वर्षाला १९,२०० रुपये, इतका करमुक्त असलेला वाहतूक भत्ता आणि बिले दाखवून मिळणारी १५,००० रुपयांची वैद्यकीय खर्चाची सूट, या दोन्ही सवलती रद्द झाल्या. त्यांची बेरीज ३४,२०० रुपये होते. म्हणजे ज्याला दोन्हीचा पूर्ण लाभ मिळत होता, त्याचे करपात्र उत्पन्न प्रत्यक्षात फक्त ५,८०० रुपयांनी कमी झाले. त्याच अर्थसंकल्पात करावरील उपकर ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाला, आणि खरी मेख तिथेच होती.

ज्याचे करपात्र उत्पन्न आधी १० लाख रुपये होते, त्याचा उपकरासह कर १,१५,८७५ रुपये होत असे. नव्या हिशेबाने तो सुमारे १,१५,७९४ रुपये झाला. वर्षाची बचत साधारण ८१ रुपये, म्हणजे महिन्याला सात रुपयेही नाहीत. १५ लाख करपात्र उत्पन्न असलेल्याचा कर तर वर्षाला सुमारे ८१५ रुपयांनी वाढला. ज्याला ४०,००० रुपयांची सवलत मिळाल्याचे वर्तमानपत्रांतून कळले होते, त्याचा हातात येणारा पगार घटला. निवृत्तिवेतनधारकांची गोष्ट मात्र वेगळी होती. त्यांना वाहतूक भत्ता किंवा वैद्यकीय बिलांची सूट नव्हतीच, त्यामुळे त्यांना पूर्ण ४०,००० रुपयांचा लाभ झाला. औषधांच्या दुकानांतून बिले गोळा करण्याचा मार्चमधला उद्योग थांबला, हा लाभ आम्हा पगार विभागातल्यांचा. तो कोणत्याही गणितात धरलेला नसतो, पण तोही खोटा म्हणता येणार नाही.

पुढे २०१९ मध्ये ही वजावट ५०,००० झाली आणि जुलै २०२४ मध्ये नव्या करप्रणालीत (हिच्यात दर कमी, पण जुन्या प्रणालीतल्या बहुतेक सवलती नाहीत) ७५,००० झाली. २०२४ ची वाढ निखळ होती, बदल्यात काही गेले नाही. परंतु वाढलेल्या २५,००० रुपयांचा अर्थ प्रत्येकाला सारखा नव्हता. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्याला त्यातून उपकरासह ७,८०० रुपये मिळाले, ५ टक्क्यांच्या टप्प्यात कर भरणाऱ्याला १,३०० रुपये, आणि कमी उत्पन्नावरच्या करसवलतीमुळे ज्याचा कर आधीच शून्य होता त्याला काहीच नाही. शिवाय कर कापताना कंपनी पूर्ण वर्षाच्या कराचा अंदाज बांधून तो उरलेल्या महिन्यांत विभागते. त्यामुळे वर्षाच्या मध्यावर आलेली सवलत उरलेल्या मोजक्या महिन्यांत दाटीने दिसते. ऑगस्टपासून धरले, तर ते ७,८०० रुपये आठ महिन्यांत महिन्याला ९७५ रुपयांप्रमाणे आले. पुढच्या एप्रिलपासून तीच सवलत बारा महिन्यांत पसरून ६५० रुपयांवर आली असती. पुढच्या अर्थसंकल्पाने आणखी मोठी सवलत दिल्यामुळे ही घसरण कोणाच्या लक्षात आली नाही, इतकेच.

ती मोठी सवलत २०२५ ची. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतचे करपात्र उत्पन्न, आणि वजावट धरून पगारदाराचे १२ लाख ७५ हजार रुपये, करमुक्त झाले. आदल्या वर्षी १२ लाखांच्या करपात्र उत्पन्नावर उपकरासह ८३,२०० रुपये कर होता, म्हणजे महिन्याला ६,९०० रुपयांहून अधिक रक्कम हातात वाढली. गेल्या अनेक वर्षांत पगारपत्रकावर इतका ठळक फरक मी पाहिलेला नाही. मात्र या रेषेच्या लगेच पलीकडे एक विचित्र पट्टा आहे. १२ लाखांच्या वर गेलेल्या उत्पन्नावरचा कर त्या वाढीव रकमेपेक्षा जास्त होऊ नये, म्हणून सीमांत सवलत दिली जाते. ती उपकर लागण्यापूर्वी मोजतात. त्यामुळे वार्षिक पगार १२ लाख ७५ हजारांवरून १३ लाख २५ हजार झाला, तर वाढलेले ५० हजार रुपये पूर्णपणे करात जातात आणि वर २,००० रुपये उपकर लागतो. पगारवाढीचे पत्र हातात असताना वर्षभराचा हातातला पगार दोन हजारांनी कमी झालेला असतो. हा पट्टा साधारण १३ लाख ४५ हजारांपर्यंत चालतो. तिथे असलेल्याला मी एकच विचारतो : मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत कंपनीने एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, भरलेली रक्कम नव्या प्रणालीतही वजा होते, तर वाढीचा तेवढा भाग तिकडे वळवता येईल का? पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात हे खरे, पण ५० हजार रुपये स्वतःच्या खात्यात अडकणे आणि ५२ हजार रुपये करात जाणे यांतली निवड अवघड नाही.

जुन्या प्रणालीत राहण्याचे मुख्य कारण आता घरभाडे भत्ता हेच उरले आहे. पुण्यात १८,००० रुपये भाडे भरणाऱ्या, ५०,००० रुपये मूळ पगार आणि २०,००० रुपये घरभाडे भत्ता असलेल्या माणसाला भाड्यातून मूळ पगाराचा दहावा हिस्सा वजा करून महिन्याला १३,००० रुपये करमुक्त धरता येतात. वर्षाला ते १,५६,००० रुपये होतात. एवढ्यावर नव्या प्रणालीचे कमी दर भरून निघत नाहीत. त्यासाठी जोडीला गृहकर्जाचे व्याज, भविष्य निर्वाह निधी, विमा असे बरेच काही लागते. १९६२ ची आयकर नियमावली लागू होती तोवर बाकीच्या भत्त्यांकडून मदतीची अपेक्षा नसे. तिच्यात मुलाच्या शिक्षणाचा करमुक्त भत्ता महिन्याला १०० रुपये होता, तोही दोनच मुलांपुरता, आणि शाळेच्या फीपुढे तो आकडा वाचताना संकोच वाटायचा.

एप्रिलमध्ये कंपनी कोणती प्रणाली हवी ते विचारते आणि उत्तर न देणाऱ्याचा कर नव्या प्रणालीप्रमाणे कापला जातो. जुनी सोयीची असूनही ते राहून गेले, तर विवरणपत्र मुदतीत भरताना जुनी निवडता येते आणि जास्तीचा कर परताव्याने मिळतो. मुदत टळल्यावर ती वाट बंद होते. परतावा मिळाला तरी वर्षभराचे बारा पगार मात्र कमीच आलेले असतात, आणि घरभाडे दर महिन्यालाच द्यावे लागते.