समुद्राचा हप्ता

लातूरहून आमच्या गावाकडं जायचा रस्ता म्हणजे रत्नागिरी-नागपूर हायवे. नाव एवढं लांबलचक पण आमच्यासाठी तो औशाचा रस्ता, फार तर तुळजापूरचा. औसा गेलं की थोडं पुढं जाऊन वळायचं, आलं गाव. २०१९ च्या डिसेंबरात वेळ अमावस्येला निघालो होतो, पोरगी तेव्हा पहिलीत, गाडीच्या टाकीवर पुढं बसलेली, आणि तिला कुणीतरी सांगितलेलं की रत्नागिरीला समुद्र असतो. म्हणली, पप्पा, ह्याच रस्त्यानं सरळ गेलं की समुद्र लागतो का? म्हणलं हो. मग थोडा वेळ गप्प बसली आणि वळणावर आल्यावर म्हणली, मग आपण दरवेळी मधीच कामून वळतो?

आता याला काय उत्तर देणार.

त्या दिवशी कोपीत बसून भज्जी-आंबील खाताना सुद्धा डोक्यात तेच. वेळ अमावस्या म्हणजे आमच्याकडची वर्षाची हक्काची सहल, लातूर अक्षरशः रिकामं होतं, ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात आणि ज्याला नाही तो ज्याला आहे त्याच्या शेतात. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, दुपारी बांधावर लोळणं. खर्च काय तर पेट्रोल, आणि येताना उलट डिक्की भरून भाजी घेऊन यायची. अशी सहल फुकटात असताना माणूस कशाला दुसरीकडं पैसे घालवील, असं मला खरंच वाटायचं. पण पोरीला आंबील नको होती, समुद्र पाहिजे होता.

मी एका खाजगी संस्थेत अकाउंट बघतो आणि बायको मेडिकलच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांचे डबे करते, त्यामुळं आमच्या घराचं कॅलेंडर जरा वेगळं आहे. मे महिन्यात परीक्षा झाली की पोरं ट्रंका उचलून आपापल्या गावाला, गल्ल्या सुन्न, आणि बायकोला सुट्टी. म्हणजे फिरायला वेळ असतो तेव्हा डब्याचे पैसे बंद आणि पैसे सुरू असतात तेव्हा पहाटे पाचला कुकर लावायचा असतो. हे गणित मला अकाउंटंट असून सुटलेलं नाही. त्यात जून आला की शाळेची फी, वह्या, दप्तर, आणि गावाकडं बियाणं.

तरी ठरवलं, मे २०२० ला कोकण. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक पत्र्याचा डबा होता, त्यात दर महिन्याला जमेल तसं टाकायचं. अकरा हजार झाले होते. पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मार्चमध्ये सगळं बंद, पोरं रातोरात गावाला, डबे बंद, माझा पगार अर्धा. त्या अकरा हजारात आम्ही दोन-अडीच महिने काढले. म्हणजे तो डबा वाया गेला असं म्हणता येत नाही, पण समुद्र मात्र त्यात विरघळला.

आणि खरं सांगायचं तर लॉकडाउन नसतं आलं तरी तो डबा टिकला नसताच. त्याच्या आधीच त्यातून दोनदा आहेर गेला होता, एकदा गॅस, एकदा मिक्सरचं भांडं. मी तेव्हा बसून आमची खर्चाची वही मागं मागं चाळत गेलो तर एक गोष्ट ध्यानात आली, की घरात तोच खर्च वेळेवर भागतो ज्याच्या मागं तगादा लावणारा माणूस असतो. विम्याच्या हप्त्याला एजंट फोन करतो, फी राहिली की शाळा व्हॉट्सॲपवर मेसेज टाकते, आहेर राहिला तर मावशी आयुष्यभर काढत बसते कारण तिच्याकडं वही आहे आणि त्या वहीत आपल्या लग्नात कुणी काय दिलं ते पितळी तांब्यासकट लिहिलेलं आहे. दूधवाला, वाणी, नळपट्टी, सगळ्यांना तोंड आहे. सहलीला तोंड नाही. ती बिचारी डब्यात गप्प पडून राहते आणि ज्याला गरज पडेल तो हात घालतो. पोरगी मागायची, पण पोरांच्या मागण्याला घरात कुणी वसुली समजत नाही, त्याला हट्ट म्हणतात.

बायको म्हणली, मग सहलीला पण एक माणूस ठेवा तगादा लावणारा.

तो माणूस म्हणजे काकू. आमच्या गल्लीत पोस्टाच्या आरडीचे, म्हणजे दर महिन्याला हप्त्यानं भरायच्या बचतीचे, पैसे गोळा करायला येतात, महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट, पांढऱ्या स्कुटीवर, हँडलला कापडी पिशवी, पिशवीत कार्डांचा गठ्ठा रबर लावलेला. त्यांचं कमिशन पोस्टाकडून, आपल्या पैशातून काही कापत नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये आम्ही महिना हजार रुपयांची आरडी उघडली, पाच वर्षं, साठ हप्ते. तेव्हा व्याज ५.८ टक्के होतं, मला ते फार कमी वाटलं आणि मी काकूंना म्हणलंही की याच्यापेक्षा दुसरीकडं जास्त मिळतं. तर त्या म्हणल्या, "भाऊ, दुसरीकडं जास्त मिळतं पण दुसरीकडं मी येत नाही ना." एवढ्या एका वाक्यावर मी सही केली. (नंतर २०२३ च्या ऑक्टोबरपासून हाच दर ६.७ झाला, पण आपला खातं उघडतानाचा तोच शेवटपर्यंत राहतो, याचं वाईट मला अजून वाटतं.)

काकू दर महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास यायच्या, कारण पंधराच्या आत भरावं लागतं, नाहीतर शंभराला एक रुपया दंड. दहा रुपये दंड म्हणजे काहीच नाही, पण काकू तो दंड असा सांगायच्या जसं काही कोर्टात जावं लागणार आहे. आल्या की चहा, मग पोरीला विचारायचं, "कुठवर आला गं समुद्र?" आणि पोरगी सांगायची बावीस झाले काकू, तेवीस झाले काकू. तिनं फ्रीजवर साठ चौकोनांचा कागद चिकटवला होता आणि दर महिन्याला एक निळा करायची. मी खर्चाच्या वहीत त्या हजाराला 'बचत' असं लिहायचो, तिनं ते खोडून 'समुद्र' लिहिलं. ऑडिट केलं तर अडचण येईल अशी नोंद, पण राहू दिली.

मोह झालाच नाही असं नाही. वर्ष झालं आणि बारा हप्ते भरले की जमा रकमेच्या निम्मं कर्ज मिळतं, हे मला काकूंनीच सांगितलं होतं, ते त्यांनी सांगायला नको होतं. २०२२ मध्ये चुलतभावाच्या पोरीचं लग्न निघालं, मानपान, टॉवेल-टोपी, आणि आम्ही कसे मोठ्या मनाचे हे दाखवायचं असतंच. मी फॉर्म आणला. बायकोनं फॉर्म वाचला, घडी केली आणि तव्यावरची भाकरी उलटायला गेली, बोलली काहीच नाही. पोरगी मात्र म्हणली, "पप्पा, निम्मा समुद्र देऊन टाकणार का?" लग्नात मी साधा शर्टपीस नेला. चुलतभाऊ अजून बोलतो, पण पहिल्यासारखं नाही.

जायचं कुठं यावरचं भांडण हे तर आमचं पाच वर्षांचं करमणुकीचं साधनच होतं. पैसे वाढत जायचे तसा समुद्र लांब जायचा. सुरुवातीला गणपतीपुळे, मग कुणाचे तरी फोटो बघून गोवा, एकदा तर मेहुण्याच्या नादानं अंदमान सुद्धा निघालं होतं, मी वहीत विमानाचं भाडं लिहून बघितलं आणि ते पान हळूच फाडलं. शेवटी एसटीनं निकाल लावला. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण राज्याच्या हद्दीतच. आई अडुसष्ट वर्षांची, तिला तसंही अर्धंच, पोरगी बारा वर्षांची, अर्धं, बायको अर्धं. चार माणसं अडीच तिकिटात, आणि घरात सगळ्यात महाग माणूस मी. रेल्वेचं पण बघितलं, आता रिझर्व्हेशन साठच दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशेवीस दिवस मिळायचे, पण लातूरहून कोकणात जायचं म्हणजे रेल्वेचे एवढे फेरे की एसटीच बरी. म्हणून गोवा कट, पुन्हा गणपतीपुळे. म्हणजे फिरून त्याच हायवेवर आलो.

आरडी सप्टेंबर २०२५ ला पूर्ण भरली. ऑक्टोबरात ६९,६९७ रुपये मिळणार होते, दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं होतं. आणि सप्टेंबरातच पाऊस झाला. मराठवाड्यात तेव्हा काय झालं ते वेगळं सांगायची गरज नाही. मी त्या शहरातला माणूस आहे ज्या शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, आमच्याकडं पाणी जास्त होणं ही काय भानगड असते ते मला कळतच नव्हतं. तेरणा नदीचं पाणी आमच्या सोयाबीनमध्ये शिरलं ते चार दिवस हललं नाही. उभं पीक काळं पडलं, मोटार आणि पाइप गेले, बांध गेला. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावाकडं माझ्या धाकट्या भावासोबत असतात, मी फोन केला, कसं आहे विचारलं, तर म्हणाले, "समुद्र बघायला जायलाव म्हनं. इतक्या लांब कामून जायलाव, इकडंच या, रानात कमरंएवढा हाय." आणि हसले. मला हसता येईना.

पैसे आले तेव्हा आम्ही तिघं टेबलाभोवती बसलो. कुणी काही भाषण केलं नाही. तीस हजार गावाकडं, मोटारीला आणि हरभऱ्याच्या बियाण्याला. उरले एकोणचाळीस हजार सहाशे सत्त्याण्णव. पोरगी म्हणली दिवाळीत नको, नंतर जाऊ. मला वाटतं ती मोठी झाली त्या दिवशी, आणि मला ते फारसं आवडलं नाही. भावानं तीस हजार घेतले पण बजावलं की उरलेले कुणाला देऊ नको, अण्णांना तर अजिबात नको, ते लगेच बांध घालायला काढतील.

जानेवारीत गेलो, मधल्या वारी, शाळेला तीन दिवस दांडी. मधल्या वारी गेलं की रूम जवळजवळ निम्म्यात मिळते, हे ज्ञान मी पाच वर्षांत कमावलेलं एकमेव ज्ञान. प्रवासाचं फार सांगत नाही, सोलापूर, कोल्हापूर, आंबा घाट, आईला घाटात उलट्या, पोरीला झोप, रत्नागिरीत पहाट. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या रस्त्यानं गेलो, तिथं एका वळणावर समुद्र एकदम खालून वर येतो. रिक्षात चौघंही गप्प. आई माळकरी, तिनं हात जोडले आणि मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "एवढं पानी अन् एकालाबी पेता येत नाही?" तिच्या बोलण्यात आश्चर्यापेक्षा तक्रार जास्त होती.

दोन दिवस पोरगी पाण्यातून बाहेर आली नाही. गुडघ्याच्या पुढं जाऊ दिलं नाही, तिथं पाणी ओढतं. बायकोनं दोन दिवस गॅस पेटवला नाही, तिच्यासाठी समुद्र तो होता, रूमच्या गॅलरीत आयता चहा घेऊन बसायची आणि पहाटे पाचलाच जाग यायची. एकूण खर्च अठ्ठावीस हजार चारशे, मी रोज रात्री लिहित होतो, कोकम सरबतासकट.

येताना पोरीनं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत समुद्राचं पाणी भरून घेतलं, तळाला थोडी वाळू. अर्धी बाटली काकूंसाठी. पाच वर्षं आमच्या गल्लीतून हजार-पाचशे गोळा करणाऱ्या काकूंनी समुद्र बघितलेला नव्हता हे आम्हाला तेव्हा कळलं, त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि पिशवीतून नवीन आरडीचा फॉर्म काढला.

उरलेली अर्धी पुढच्या रविवारी गावाकडं नेली. त्याच हायवेनं, त्याच वळणावर वळून. अण्णा नव्या मोटारीपाशी बसले होते, हरभरा बरा आला होता. पोरीनं बाटली हातात दिली, त्यांनी उन्हात धरून बघितली, टोपण काढून वास घेतला, एक थेंब चाखला आणि टोपण घट्ट लावून तिला परत दिली.

"चांगलं हाय. पर हे हितं रानात सांडू नको बरं का माय, जमीन खराब व्हईल."