स्वतःच्याच कोळीवाड्यात पाहुणी

"ही कोनाचे घरा पावनी आयली गो?"

आवाज बंद ठेवून एका कोळीगीताचा व्हिडिओ चालू होता आणि मागच्या सोफ्यावर चहा पीत बसलेल्या आत्याबाईंनी हा टोमणा मारला. पडद्यावरची गायिका त्यांचीच भाची होती आणि ती चालत होती तो कोळीवाडा तिच्या जन्माचा. दिग्दर्शक ओशाळला. "काहीतरी बसत नाहीये" असं तो आणि निर्माता दोन आठवडे म्हणत होते, पण त्या 'काहीतरी'ला नाव मिळत नव्हतं. अंधेरी पश्चिमेच्या आमच्या एडिट रूममध्ये तो हार्ड डिस्क घेऊन आला तो त्यासाठीच. नाव आत्याबाईंनी दिलं. आता ते चित्रांत नेमकं कुठे लिहिलंय, एवढं शोधायचं होतं.

गाणं नारळी पौर्णिमेला यायचं होतं आणि हातात जेमतेम तीन आठवडे. लांबी ३ मिनिटं ३६ सेकंद, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने ५४०० फ्रेम. कोळी ठेका सहा मात्रांचा. या गाण्यात एक आवर्तन १.२ सेकंदाचं, म्हणजे बरोबर ३० फ्रेमचं, आणि त्यातले दोन ठळक ठोके १५-१५ फ्रेमवर. आकडे इतके सरळ पडले की कापणाऱ्याला प्रत्येक कट ठोक्यावर टाकायचा मोह होतोच. मूळ संकलकाला तो झाला होता, त्याकडे पुढे येतो.

अशा वेळी व्हिडिओ तीनदा पाहायचा. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून, दुसऱ्यांदा डोळे मिटून नुसता ऐकून, तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. पहिल्या फेरीत चित्र काय सांगतंय ते कळतं, कारण सूर मधे पडून चुका झाकत नाही. त्यानंतर तक्ता. शॉट क्रमांक, टाइमकोड, लांबी फ्रेममध्ये, क्लोज-मिड-वाइड, कॅमेऱ्याची उंची, लेन्सचा अंदाज, वेग, माणूस कुठे बघतंय, त्या क्षणी शब्द कोणता, आणि कट ठोक्यावर की आगेमागे. या व्हिडिओत १४४ शॉट निघाले. एका शॉटला दीड मिनिट धरलं तरी साडेतीन तासांच्या वर जातात. कंटाळवाणं काम आहे, पण 'मला असं वाटतं' या वाक्यावर दिग्दर्शकाशी वाद घालण्यापेक्षा स्वस्त पडतं.

बेरीज केल्यावर चित्र असं दिसलं. गायिकेचे ५८ शॉट, वस्तीतल्या माणसांचे ४१, समूहनृत्याचे २२, ड्रोनचे १७, आणि जाळी, मासे वगैरे ६. यात वावगं काही नाही, गाणं तिचं आहे. पण लांब्या लावल्या तेव्हा तिचा शॉट सरासरी २.१ सेकंदांचा आणि वस्तीतल्या माणसाचा ०.९ सेकंदाचा आला. ०.९ सेकंद म्हणजे साधारण २२ फ्रेम. तेवढ्यात म्हातारी आहे, टोपली आहे, हे कळतं. ती वैतागलीय की हसू दाबतेय हे कळत नाही. म्हणजे ४१ माणसं नव्हतीच, ४१ सजावटीच्या वस्तू होत्या.

नजरेच्या रकान्यात खरी गोम सापडली. गायिकेच्या ५८ पैकी ४६ शॉटमध्ये ती थेट लेन्समध्ये बघते, ९ मध्ये समुद्राकडे, ३ मध्ये खाली. माणसाकडे बघणारा शॉट शून्य. लेन्समध्ये बघणं हा म्युझिक व्हिडिओचा जुना हक्क आहे. कथाचित्रपटात नट तसं बघू लागला तर खटकतं, इथे गायकाने 'मी तुमच्यासाठी गातोय' म्हणण्याची ती रीतच आहे. पण भोवताली एवढी माणसं असताना ती फक्त प्रेक्षकाशीच बोलत राहिली, की त्या माणसांशी तिचं काही नातं नाही असाच अर्थ निघतो. लग्नघरात आल्यापासून फक्त फोटोग्राफरकडे बघणारी बाई आठवा.

उंचीच्या रकान्यात दुसरी गोष्ट. मासळीवाल्या जमिनीवर बसतात, फार तर लहान पाटावर. कॅमेरा उभ्या माणसाच्या खांद्यावर, म्हणजे पाच फुटांवर. परिणामी ४१ पैकी २९ शॉट वरून खाली बघणारे. गायिका मात्र कमरेच्या उंचीवरून, किंचित खालून वर घेतलेली. असं कुणी मुद्दाम ठरवलं नसणार. एकीसाठी ट्रायपॉड लावला आणि बाकीच्यांना जाता-येता टिपलं, एवढंच. पण पडद्यावर हेतू दिसत नाही, उंची दिसते.

लेन्सचंही तसंच. वस्तीतले बरेच शॉट १३५ मिलिमीटरने वीस-पंचवीस फुटांवरून चोरून घेतलेले. लांब लेन्सने पार्श्वभूमी धूसर होते, चेहरा छान उठतो, आणि बघणारा कुठेतरी आडोशाला उभा आहे हेही कळतं. तोच चेहरा तेवढाच मोठा ३५ मिलिमीटरने घ्यायचा तर पाच-सहा फुटांवर जावं लागतं. मग आधी विचारावं लागतं, दोन शब्द बोलावे लागतात, 'भाव काय' विचारल्यावर मासे घ्यावेही लागतात. ती ओळख चेहऱ्यावर उमटते. इथे नव्हती. आणि आत्याबाई तर एकेक शॉट थांबवून सांगत होत्या, "ही हिची काकू, तो मामाचा पोर." ४१ पैकी ६ शॉट सख्ख्या नातेवाइकांचे निघाले. व्हिडिओने त्यांना अनोळखी करून टाकलं होतं.

मग वेग. गायिकेचे ३७ शॉट स्लो मोशनमध्ये आहेत. त्याची पद्धत अशी: कॅमेरा ५० फ्रेमवर, लोकेशनवर गाणं दुप्पट वेगाने वाजतं, गायिका त्या वेगाला ओठ हलवते. मग २५ वर चालवलं की ओठ सुरात आणि केस, पदर, पाणी सगळं निम्म्या गतीत. माणूस देखणा, थोडा अलौकिक दिसतो. वस्तीतला एकही शॉट स्लो नाही, उलट गजबज दाखवायला ८ शॉट वेगवान केलेले. एकाच गल्लीत दोन घड्याळं. तिची वेळ सावकाश चालते, त्यांची धावते. 'पाहुणी' या शब्दाला याहून मोठा पुरावा सापडला नाही.

दुप्पट वेगाचा आणखी एक फटका. १५ फ्रेमचा ठोका सेटवर साडेसातवर येतो, अख्खं आवर्तन ०.६ सेकंदात संपतं. इतक्या घाईत ओठ पुरते मिटत नाहीत. सिंक, म्हणजे ओठ आणि शब्द यांचा मेळ, तपासायचा तर प, फ, ब, भ, म शोधावेत, कारण या अक्षरांना ओठ मिटावेच लागतात. 'अ' किंवा 'ल' वर दोन-तीन फ्रेमची चूक खपून जाते, 'म' वर नाही. कोळी ठेक्याला दीडपटच ठेवावं, कॅमेरा ३७-३८ फ्रेमवर. गती थोडी कमी सुंदर दिसते, पण गाणारी खरोखर गाते.

रंगाबद्दल फार बोलण्यासारखं नाही, चूक ठरलेली आहे. सावल्यांना निळसर-हिरवी आणि त्वचेला नारिंगी झाक देणारा तयार लट (रंग बदलणारा आयता साचा) अख्ख्या व्हिडिओवर ओतला होता. हिरवा चुडा निळा झाला, सोनं तांब्यासारखं, आणि जूनमधला मुंबईचा गढूळ समुद्र मालदीवसारखा फिरोजा. लट काढला, प्रत्येक शॉटचा व्हाइट बॅलन्स जुळवला, त्वचा रंग मोजणाऱ्या व्हेक्टरस्कोपवरच्या त्वचेच्या रेघेजवळ आणली आणि समुद्र होता तसा राखाडी राहू दिला. त्या राखाडीवर होड्यांचे लाल-पिवळे पट्टे आपोआप उठले. करड्या पाण्याची दिग्दर्शकाला धास्ती होती. मुंबईच्या प्रेक्षकाला नसते.

शब्द आणि चित्र यांचं नातं हा मात्र अवघड भाग. अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाने त्याचे तीन प्रकार सांगितलेत. आमच्या भाषेत सांगायचं तर शब्दाला चित्र, शब्दापुढे चित्र, शब्दाशी फटकून चित्र. गाण्यात होडी दर्यात निघालीय. शूटिंग जूनच्या दुसऱ्या आठवड्यातलं. आपल्या किनाऱ्यावर जून-जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, ताडपत्रीखाली झाकलेल्या. 'निघाली होडी' या ओळीवर ड्रोन त्याच निळ्या ताडपत्र्यांवरून फिरतो! फटकून चित्र मुद्दाम असेल तर धार येते, नकळत असेल तर हसं होतं. दादर-परळचा प्रेक्षक हे कदाचित बघणारही नाही, कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही ओळखेल. आत्याबाईंनी तर ताडपत्री कोणाच्या होडीची तेही सांगितलं.

होडी समुद्रात नेऊन नव्याने शूट करणं शक्यच नव्हतं, बंदी उठायची होती. पण रशेसमध्ये, म्हणजे शूट केलेल्या कच्च्या फुटेजमध्ये, दुसरंच घबाड पडलं होतं: जाळी सांधणारे हात, होडीला रंग लावणारा पोरगा, दोर ताणणारी दोन माणसं. नारळी पौर्णिमेच्या आधी वस्तीत हेच चालतं. 'निघाली' या शब्दाखाली निघण्याची तयारी लावली आणि चित्र शब्दाच्या एक पाऊल पुढे गेलं. ताडपत्रीचा एकच शॉट ठेवला, कडव्याच्या सुरुवातीला, कारण पुढच्याच शॉटमध्ये कुणीतरी तिची गाठ सोडतं.

इथे कटच्या मोहाचा हिशेब चुकता करावा लागला. जुन्या एडिटमध्ये बहुतेक प्रत्येक कट नेमका १५ च्या पटीत. दहा सेकंदांत मेंदूला पुढचा कट आधीच कळू लागतो आणि व्हिडिओ शिलाई मशीन होतो. ठोक्यावर कट पडण्यापेक्षा हालचाल संपावी: ब्रश फळीला टेकावा, दोर ताठ व्हावा, जाळ्याची गाठ आवळावी. कट त्याआधी कुठेही पडो, सहसा ठोक्याच्या दोन फ्रेम आधी पडलेला बरा. आवाज आणि वस्तू यांची जोडी कुठवर नेता येते ते पाहायचं तर दिग्दर्शक मिशेल गोंद्रीने २००२ मध्ये केमिकल ब्रदर्स या बँडसाठी केलेला 'स्टार गिटार'चा व्हिडिओ पाहावा. आगगाडीची खिडकी, आणि बाहेरून जाणारा प्रत्येक खांब, पूल, इमारत एकेका आवाजाला बांधलेली. विरार लोकलच्या दारात उभं राहून कानात गाणं असलं की आपला मेंदू हेच करत असतो, फक्त फुकट.

आता नजर. पुन्हा शूटिंगला पैसे नव्हते, म्हणून क्लॅपच्या आधीचं आणि 'कट'च्या नंतरचं फुटेज चाळलं. तिथे कलाकार माणसं होतात. एका टेकच्या शेवटी गायिका फ्रेमच्या उजवीकडे वळून कुणाला तरी बघून हसते. बोंबील निवडणाऱ्या काकूंचा एक शॉट डावीकडे बघणारा. एक उजवीकडे, दुसरी डावीकडे, की दोघी समोरासमोर. शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव या दिग्दर्शकाने एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांशेजारी लावून हेच दाखवलं होतं. अडचण लेन्सची आली. काकू १३५ वर, गायिका ५० वर. फोर-के फुटेज (एचडीच्या चौपट पिक्सेलचं) एचडी टाइमलाइनवर असल्याने तिला दीडपट मोठं करता आलं, पण जवळून घेतलेला शॉट कितीही मोठा केला तरी पंचवीस फुटांवरून घेतल्यासारखी मागची भिंत पुढे येत नाही. सांधा दिसतो. मधे जाळ्याचा १० फ्रेमचा तुकडा टाकून तो झाकला.

"पण दादा, त्या एकमेकींकडे बघतच नव्हत्या," दिग्दर्शक म्हणाला. खरं आहे. आधीच्या एडिटने मात्र त्या एकमेकींच्या कुणीच नाहीत असं सांगितलं होतं, आणि तेही कात्रीनेच. या दोहोंतलं कोणतं खोटं मोठं, हे मला विचाराल तर उत्तर सोपं आहे.

सगळ्यात मोलाचा तुकडा संध्याकाळी सहाच्या सुमारास सापडला. टेक संपलाय, कुणीतरी लाइट हलवतंय. गायिका पाटीतली सुरमई उचलते, अंगठ्याने कल्ला उघडून आतला लालपणा बघते आणि परत ठेवते. कॅमेऱ्याचं भान नाही. ज्याच्या घरात मासळी विकली जाते त्याच माणसाचा अंगठा असा आपसूक जातो. नऊवारी, अबोलीचा गजरा, दागिने हे कुठलीही वेशभूषाकार देऊ शकते, हा अंगठा नाही. तुकडा ५० फ्रेमवर घेतलेला, १२२ फ्रेमचा. तो स्लो मोशनमध्ये चालवायचा नाही, एक सोडून एक फ्रेम टाकून खऱ्या वेगात आणायचा, म्हणजे उरतात ६१. एक फ्रेम कापली की बरोबर दोन आवर्तनं. धोका इतकाच, की ५० फ्रेमला शटर १/१०० सेकंद होतं, फ्रेममधली धूसरता निम्मी पडते आणि खऱ्या वेगात मोठी हालचाल तुटक दिसते. नाचात ते खटकलं असतं, अंगठ्याच्या हालचालीत कळत नाही. ठोक्यावर कल्ला उघडतो.

गायिकेचे स्लो शॉट ३७ वरून १४ वर आणले, वस्तीतले ५ शॉट लांबवून दोन सेकंदांच्या पुढे नेले. ड्रोन १७ वरून ३. निर्मात्याने त्यावर तोंड वाकडं केलं, ड्रोनचं भाडं त्याने भरलं होतं.

मोबाइलसाठी उभी आवृत्ती ३० सेकंदांची, म्हणजे २५ आवर्तनं. आडव्या १९२० पिक्सेलमधले ६०७ च उरतात, तिसऱ्या हिश्श्याहून कमी. शेजारी उभी माणसं कापली जातात आणि गायिका पुन्हा एकटी पडते. म्हणून उभ्यासाठी वेगळे शॉट निवडले: एक माणूस पुढे, एक मागे. कल्ल्याचा तुकडा आधीच उभा होता, पाटी खाली आणि चेहरा वर.

२ मिनिटं १४ सेकंदांवर एका 'ब'ला ओठ दोन फ्रेम उशिरा मिटतात. दुसरा टेक नव्हता आणि शॉट काढला तर काकूंशी जुळवलेली नजरानजर जाते. तो तसाच गेला.