तंबूबाहेरची पहाट
काल डोंगरउतारावरच्या जंगलात तंबू ठोकला (एक खुंटी सैल राहिली, ही माझीच चूक) आणि आज उजाडण्यापूर्वीच पक्ष्यांच्या गाण्याने जाग आली. त्या अंधूक प्रकाशात भक्ष्य शोधणे कठीण असते आणि वारा बहुधा शांत असल्याने आवाज स्वच्छ पोहोचतो, म्हणून हद्द जाहीर करण्यासाठी व मादीला साद घालण्यासाठी नर हीच वेळ साधतात, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ८ पट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण गळ्यातच राहिली. कारण पिसांच्या झालरदार कडांमुळे जराही चाहूल न देता घुबड थेट डोक्यावरून गेले. दिवसभरात २३ जाती नोंदवल्या. सतत शेपूट हलवणाऱ्या एका करड्या पक्ष्याची ओळख मात्र अजून पटलेली नाही.