दोघं सहीच करतात ना मामा?

परवा जेवणं झाल्यावर भाच्याला घेऊन तलावपाळीला चक्कर मारायला गेलो होतो, तो एमपीएससीचा अभ्यास करतोय, कट्ट्यावर बसल्या बसल्या म्हणाला, मामा आपले राष्ट्रपती आणि इंग्लंडचा राजा यात फरक काय, दोघं सहीच करतात ना?

प्रश्न चुकीचा नाहीये. १९४८ मध्ये घटनेचा मसुदा मांडताना खुद्द बाबासाहेबांनी सांगितलं होतं की आपल्या राष्ट्रपतींचं स्थान इंग्लंडच्या राजासारखंच असेल, देशाचे प्रमुख पण कारभार मंत्रिमंडळाचा. तरी दोघांना एका मापात मोजलं की मला राहवत नाही.

राजा जन्माने होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये एलिझाबेथ राणी गेल्या आणि त्याच क्षणी चार्ल्स राजा झाले, कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे खासदार आणि आमदार मत देतात, म्हणजे आपण ठाणेकरांनी निवडून दिलेला आमदार पण, आणि महाराष्ट्राच्या आमदाराच्या एका मताचं मूल्य १७५ धरतात, ते १९७१ च्या जनगणनेवरून काढलेलं आहे. मुदत पाच वर्षं. घटनेचा भंग केला तर महाभियोग चालवून काढताही येतं, त्याला दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं.

आता गंमत बघा, कागदावर राजाचा अधिकार मोठा आहे, तो कुठलंही विधेयक नाकारू शकतो. पण ॲन राणीने १७०८ मध्ये नाकारलं ते शेवटचं. न निवडलेल्या माणसाने निवडलेल्यांना अडवायचं कसं, म्हणून तो अधिकार नुसता पडून आहे. आपल्या राष्ट्रपतींचा अधिकार छोटा, पण लिहिलेला आणि म्हणून वापरता येणारा. कलामसाहेबांनी २००६ मध्ये लाभाच्या पदाचं विधेयक, म्हणजे कोणती सरकारी पदं घेतली तरी खासदारकी जात नाही ते ठरवणारं, परत पाठवलं, संसदेने ते तसंच पुन्हा मंजूर केलं तेव्हा त्यांना सही करावी लागली, बरोबरच आहे, पण सगळ्या देशात चर्चा तर झाली. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या राष्ट्रपती राजवटीचा सल्ला फेरविचारासाठी परत पाठवला आणि सरकारने तो विषयच सोडून दिला!

हा सल्ला परत पाठवायचा अधिकार सहज आलेला नाही हे मी त्याला परत परत सांगितलं. २५ जून १९७५ च्या रात्री तेव्हाचे राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीवर सही केली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा झाली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. पुढच्या वर्षी ४२ व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक असं स्पष्ट लिहून टाकलं. मग १९७८ ची ४४ वी दुरुस्ती आली, तिने दोन गोष्टी केल्या, सल्ला एकदा फेरविचाराला परत पाठवता येतो आणि मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आल्याशिवाय आणीबाणी लावता येत नाही. लोकांनी काय काय सोसलं त्यानंतर ही दोन वाक्यं घटनेत आलीत, त्यामुळे कोणी रबर स्टॅम्प म्हणलं की मला खरंच वाईट वाटतं.

भाचा जरा वेळ गप्प होता, मग म्हणाला, आणि राज्यपाल? त्यांना तर कोणीच निवडून देत नाही. मी म्हणलं उठ आता, हे चालता चालता बोलू, आणि राम मारुती रोड संपला तरी आमचं तेच चालू होतं.