उत्तरेचे पदार्थ, दक्षिणेचे ताट: सोल आणि सोक्चो येथील खाद्यप्रवास

प्योंगयांग, हामहुंग आणि केसोंग ही उत्तर कोरियातील शहरे सामान्य प्रवाशाच्या वाटेवर येत नाहीत, परंतु तेथील पदार्थ दक्षिण कोरियात सहज खाता येतात. १९४५ च्या फाळणीनंतर, आणि विशेषतः १९५० ते १९५३ च्या युद्धात, उत्तरेकडील प्रांतांतून लाखो माणसे दक्षिणेला आली. परतीची वाट कायमची बंद झाली आणि त्यांच्यापैकी अनेकांनी घरचाच स्वयंपाक विकून संसार उभा केला. गेल्या शरद ऋतूत आम्ही पतीपत्नींनी सोल आणि पूर्व किनाऱ्यावरील सोक्चो येथे मुक्काम केला, तो मुख्यतः हे पदार्थ खाण्यासाठी. हे ‘अस्सल उत्तरेचे’ आहेत का, हा प्रश्न मनात घेऊन जाऊ नये, असे मी आरंभीच सुचवीन. हा निर्वासितांचा स्वयंपाक आहे. जे हाताशी मिळाले त्यातून तो घडला आणि त्याचे मोल त्यातच आहे.

सोलमध्ये भुयारी रेल्वेच्या उल्जिरो ४-गा स्थानकाजवळ उतरल्यास दोन मोठे नूडल्स-प्रकार चालत जाण्याच्या अंतरावर मिळतात. आधी प्योंगयांग नेंगम्योन (नेंगम्योन म्हणजे थंड शेवया) खावे, कारण तो सौम्य आहे आणि तिखट खाल्लेल्या जिभेला तो कळत नाही. १९४६ पासून चालू असलेल्या उरेओक या उपाहारगृहात बसल्यावर प्रथम नूडल्स उकळल्याचे गरम पाणी येते. ते सावकाश प्यावे. मग मोठ्या वाडग्यात गोमांसाचे थंडगार, नितळ सूप येते आणि त्यात बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या, करड्या शेवयांची गुंडाळी असते. वर मांसाचे पातळ काप, नासपतीच्या फोडी आणि मुरवलेली भाजी असते. पहिल्या घोटाला मीठसुद्धा कमी वाटते. तरीही लगेच व्हिनेगर आणि मोहरी घालू नये. आधी सूप चाखावे, मग शेवया सोडवून खाव्यात. त्या दाताखाली चटकन तुटतात आणि अर्धा वाडगा संपेपर्यंत कुट्टूचा खमंगपणा व मांसाची खोल चव जिभेवर उतरते. व्हिनेगर हवेच असेल तर ते सुपात न ओतता शेवयांवर घालावे. मला स्वतःला त्याची गरज वाटली नाही.

हा पदार्थ मुळात हिवाळ्यातला आहे. कडाक्याच्या थंडीत मुरवलेल्या मुळ्याचे आंबूस पाणी त्यात घालत असत. आज मात्र उन्हाळ्यात त्यासाठी सर्वांत लांब रांगा लागतात. २७ एप्रिल २०१८ रोजी दोन्ही कोरियांच्या सीमेवरील पान्मुन्जोम येथील शिखर परिषदेत किम जोंग उन यांनी प्योंगयांगहून नेंगम्योन आणविले, तेव्हा सोलमधील उपाहारगृहांपुढेही एकाएकी गर्दी उसळली होती. २०२२ मध्ये युनेस्कोने प्योंगयांगच्या या खाद्यपरंपरेची आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. प्रवाशाने साडेअकराच्या आत पोहोचावे आणि साप्ताहिक सुट्टी आधी पाहून ठेवावी, कारण अशी अनेक जुनी ठिकाणे सोमवारी बंद असतात. एका वाडग्याला साधारण १५ हजार वॉन धरून चालावे.

तेथून जवळच ओजांगदोंग हा भाग आहे. सुक्या मासळीच्या जुंगबू बाजाराला लागून हामहुंग पद्धतीची उपाहारगृहे आहेत. हामहुंग ज्या हामग्योंग भागात आहे, तो डोंगराळ, थंड प्रांत. तेथे बटाट्याच्या स्टार्चपासून शेवया करीत, दक्षिणेत त्या बहुधा रताळ्याच्या स्टार्चच्या होतात. त्या केसासारख्या बारीक आणि इतक्या चिवट असतात की टेबलावर कात्री दिली जाते. ह्वे-नेंगम्योन मागविल्यास त्यावर तिखट मसाल्यात मुरवलेले कच्च्या पाकटाचे तुकडे येतात. सोबतच्या किटलीतील गरम मांसरसाने तिखटपणा आवरता येतो.

आमच्या प्रवासाचा गाभा मात्र सोक्चो हा होता. सोलहून एक्सप्रेस बसने सुमारे अडीच तास लागतात. १९५१ च्या आरंभी दक्षिणेच्या सैन्याने माघार घेतली, तेव्हा हामग्योंगमधून आलेल्या माणसांनी येथे वाळूच्या पट्ट्यावर वस्ती केली. लवकरच परत जायचे, या आशेने बांधलेली ती घरे आज अबाई गाव म्हणून ओळखली जातात. बाजाराच्या बाजूने जाताना गेत्बे या सपाट तराफ्याने खाडी ओलांडावी. त्याला इंजिन नाही. दोन्ही काठांना बांधलेल्या पोलादी दोरात लोखंडी आकडा अडकवून मागे चालत ओढले की तराफा पुढे सरकतो, आणि प्रवाशांनाही आकडा हाती घेता येतो.

पलीकडे उतरताच अबाई सुंदेची दुकाने लागतात. डुकराच्या मोठ्या आतड्यात चिकट तांदूळ, भाज्या आणि रक्त भरून ते वाफवतात. माकुलात सारण भरून, काप करून, अंड्यात बुडवून परतलेला प्रकार शेजारच्याच ताटलीत असतो. आतडी दुर्मीळ आणि माकूल मुबलक, म्हणून तो सुरू झाला, असे तेथे सांगतात. दोघांनी मिळून मिश्र थाळी घ्यावी. सोबत येणारे गाजामी-सिखे सोडू नये: लेपीसारखा चपटा मासा, शिजवलेले राळे, मुळा आणि मिरची एकत्र आंबवून ते करतात. राळ्याचे दाणे माशाला चिकटलेले दिसतात, काटे मऊ होऊन चावता येतात आणि आंबट, तिखट, किंचित गोड अशी चव लागते. संपूर्ण प्रवासात मला हाच पदार्थ सर्वाधिक आवडला. येथील नेंगम्योनवर पाकटाऐवजी पोलॉक मासा असतो. एकेकाळी या किनाऱ्याची ओळख असलेला हा मासा इतका घटला की २०१९ पासून कोरियात त्याच्या मासेमारीवर बंदी आहे, त्यामुळे ताटात येतो तो आयात केलेला.

आपल्याकडील वाचकांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. गोमांस न खाणाऱ्यांनी वरचे काप काढून नेंगम्योन खाण्याचा विचार करू नये, कारण सूप मांसाचेच असते आणि तिखट प्रकाराच्या मसाल्यातही मांसरस असू शकतो. मूगडाळीचे बिंदेत्तोक दिसायला आपल्या धिरड्यासारखे असले तरी त्यात बहुधा डुकराचे मांस असते. मासे खाणाऱ्यांना सिखे चालेल. माकुलाच्या सारणात मांस आहे का, हे विचारून घ्यावे. पूर्ण शाकाहारी व्यक्तीने या उपाहारगृहांवर विसंबू नये, आधी अन्यत्र जेवून यावे. कुट्टूची ॲलर्जी असल्यास प्योंगयांग पद्धतीची दुकाने पूर्णपणे टाळावीत. सिखे घरी नेण्याचा मोह झाला तर ते प्रवासात आंबत राहते आणि डब्याचे झाकण उचलते, हे ध्यानात ठेवून तेथेच खाऊन घ्यावे.