तुम्ही विचारलंत म्हणून: पॉपी मान का टाकते?

फेब्रुवारीत आमच्या सोसायटीच्या फाटकालगतच्या पट्ट्यात पॉपी फुलली की सकाळी फिरायला निघालेली मंडळी थबकतात. फोटो काढून झाले की ठरलेला प्रश्न येतो. "काकू, आमची रोपं कुंडीत असतात तोवर टवटवीत असतात, जमिनीत लावली की दुसऱ्या दिवशी मान टाकतात. तुमची कशी जगतात?" उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून लिहितेय.

माझीही पहिली दोन वर्षं जगली नव्हती. एका नर्सरीतून कळ्या धरलेली वीतभर रोपं आणली, पिशव्या फाडल्या, झेंडू लावतो तशी लावली आणि बदाबदा पाणी घातलं. संध्याकाळपर्यंत पानं परतलेल्या मेथीसारखी झाली. पाणी कमी पडलं असेल म्हणून आणखी घातलं. तिसऱ्या दिवशी एक रोप उपटलं तेव्हा उलगडा झाला. झेंडूला मुळांचा झुपका असतो, चार तुटली तरी त्याचं अडत नाही. इथे मात्र कोवळ्या मुळ्यासारखं एकच सोटमूळ होतं. ते पिशवीच्या तळाशी वळलेलं होतं आणि मी लावताना वळणावरच मोडलेलं होतं. गंमत म्हणजे रस्त्याकडेला खडीतसुद्धा माजणारा काटेरी पिवळा धोत्रा हिच्याच कुळातला. पण त्याला कोणी कुंडीतून हलवत नाही.

म्हणूनच जाणकार सांगतात, पॉपी जागेवरच पेरा. खरंय. पण बी खसखशीहूनही बारीक, आणि आमच्या पट्ट्यावर रोज सकाळी पाइपाची धार सुटते. एका धारेत सगळं बी वाहून कोपऱ्यात गोळा होतं. त्यामुळे मी रोपंच करते, फक्त मुळाला हात लागू देत नाही. त्यासाठी लागतो जुना पेपर.

पेपरची रुंद पट्टी पाण्याच्या पेल्याभोवती गुंडाळायची, तळाशी दुमडायची आणि पेला काढून घ्यायचा. कप चांगला चार बोटं खोल हवा, मूळ सरळ खाली उतरलं पाहिजे. आत कोकोपीट, गांडूळखत आणि वाळू. चिमूटभर बी दोन चमचे कोरड्या वाळूत मिसळून वर भुरभुरायचं आणि बोटाने हलकं दाबायचं. वर माती टाकायची नाही, या बियांना रुजायला उजेड लागतो. पाणीही वरून नको. कप ताटात मांडून ताटात पाणी ओतायचं, माती खालून शोषून घेते. हे सगळं दिवाळीच्या सुमारास, पहाटे पंखा बंद करावासा वाटू लागला की. ऑक्टोबरच्या उकाड्यात पेरलेलं माझं बी नुसतं पडून राहिलं होतं.

आठ-दहा दिवसांत मातीवर हिरवी लव दिसते. एका कपात पंधरा-वीस रोपं येतात आणि त्यातलं एकच ठेवायचं असतं. इथे भल्याभल्यांचा हात अडतो. बाकीची उपटायची नाहीत, शेजारच्याचं मूळ हलतं. नखं कापायच्या कात्रीने मातीलगत छाटायची. पहिल्या वर्षी मला जीवावर आलं, मी तीन-तीन ठेवली, आणि तिन्ही दोऱ्यासारखी लांबून आडवी झाली.

चार-पाच पानं आली की हलवायची वेळ झाली. कळीची वाट पाहत बसाल तर उशीर झालाच म्हणून समजा. आधी आठवडाभर कप सकाळच्या उन्हात ठेवायचे, रोज थोडा वेळ वाढवत. मग एका संध्याकाळी वीत-वीत अंतरावर खड्डे करून कपासकट लावायचं. कपाचा तळ तेवढा हलक्या हाताने फाडायचा आणि काठ मातीखाली गाडायचा. बोटभर कागद जरी वर राहिला तरी तो दिव्याच्या वातीसारखा खालचा ओलावा ओढून वाऱ्यावर सुकवत राहतो. एके वर्षी माझी चार रोपं नुसती त्या काठापायी गेली. शेणखताचा मारा नको, नाहीतर पानंच पानं होतात.

जानेवारीत पुन्हा फोन येतात, "मान टाकली हो!" मी विचारते, पानं कशी आहेत? पानं ताठ असतील तर काही झालेलं नाही. पॉपीची कळी मान खाली घालूनच वाढते. उमलायच्या आधी देठ सरळ होतो, दोन केसाळ टरफलं गळून पडतात आणि आतून पाकळ्या निघतात, खिशात कोंबलेल्या रुमालासारख्या चुरगळलेल्या. उन्हात तासाभरात इस्त्री होते.

माझ्याकडची जात शर्ली. लंडनजवळच्या शर्ली गावच्या विल्क्स नावाच्या पाद्र्याला 1880 साली रानटी लाल पॉपीत पांढऱ्या काठाचं एक फूल दिसलं. त्याचं बी धरून, दरवर्षी निवड करत त्याने हे गुलाबी-पांढरे रंग मिळवले. पुण्यात तिचा मुक्काम मार्च संपेपर्यंत.

आणि तो दुसरा प्रश्न, आवाज खाली आणून विचारलेला: "चालतं ना हे? अफूच ना ती?" नाही. ही वेगळी जात, पानं केसाळ आणि कातरलेली. अफूची पानं निळसर राखाडी, गुळगुळीत, खोडाला मिठी मारलेली. तिच्या लागवडीला 1985च्या कायद्याने केंद्र सरकारचा परवाना लागतो. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतच तो मिळतो. आपली खसखस हे त्याच झाडाचं बी. खायला खुशाल खा, पेरायची मात्र नाही.

गेल्या दिवाळीत शेजारच्या वहिनी वाटी घेऊन आल्या. "पुडीतली एवढी उरलीय, तुमच्या त्या कपांत टाकू का?" मी म्हटलं, वहिनी, अजून चार अनारसे थापा.