अमेरिकेत येताय? व्हॉइसमेल आधी सुरू करा

इकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी एक गोष्ट कळकळीने सांगते: अमेरिकन नंबर मिळाला की त्याच दिवशी व्हॉइसमेल, म्हणजे फोन उचलला नाही तर समोरच्याचा निरोप रेकॉर्ड करून ठेवणारी सोय, सुरू करा. आपल्याकडे मिस्ड कॉल दिसला की माणूस उलट फोन करतो आणि काम होतं. इथे डॉक्टरांचा दवाखाना, मुलांची शाळा, घरमालकाचं ऑफिस, मुलाखतीला बोलावणारी कंपनी, सगळे निरोप ठेवतात. निरोप ठेवला म्हणजे तुम्हाला कळवलं, असंच बरेचजण धरून चालतात.

आपण फोन उचलला नाही, लाइन बिझी असली किंवा फोन बंद असला, की मोबाइल कंपनीचं नेटवर्क तो कॉल व्हॉइसमेलकडे वळवतं. साधं कॉल फॉरवर्डिंगच ते. निरोप साठतो कंपनीच्या सर्व्हरवर, साध्या व्हॉइसमेलमध्ये फोनवर दिसते ती फक्त खूण. पूर्वी १ चं बटण दाबून धरायचं, पिन टाकायचा आणि ओळीने सगळे निरोप ऐकायचे. (पिन सोपा ठेवू नका. ब्रिटनमध्ये काही पत्रकार इतरांचे व्हॉइसमेल चोरून ऐकत होते. त्या प्रकरणात २०११ साली ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे वर्तमानपत्रच बंद पडलं.) २००७ साली पहिल्या आयफोनबरोबर यादीतून हवा तोच निरोप ऐकायची सोय आली. २०२३ पासून तर समोरचा बोलत असतानाच त्याचे शब्द आयफोनच्या पडद्यावर उमटू लागले.

तरी व्हॉइसमेल मागे पडतोय. कोका-कोलाने अटलांटाच्या मुख्यालयात तो २०१४ सालीच बंद केला. तरुण मुलं मेसेज टाकतात, आपली माणसं व्हॉट्सअॅपवर बोलतात. पण रोबोकॉलचा, म्हणजे यंत्राने आपोआप लावलेल्या नको त्या फोनचा, इतका सुळसुळाट आहे, की अनोळखी नंबर इथे फारसं कुणी उचलत नाही. म्हणूनच मला व्हॉइसमेल अजून मोलाचा वाटतो. ज्याचं खरंच काम आहे तो नाव, नंबर आणि कारण सांगतो. बाकीचे बहुतेक फोन ठेवून देतात.

फोन करणाऱ्याला आधी ऐकू येणारा स्वागताचा निरोप स्वतःच्या आवाजात, सावकाश, पूर्ण नाव सांगून रेकॉर्ड करा. व्हॉइसमेलची पेटी भरली की नवा निरोप घेतला जात नाही, म्हणून जुने पुसत जा. मात्र आई-बाबांचा, आजीचा आवाज असेल तर तो निरोप शेअर करून वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा. नंबर बंद केलात, कंपनी बदललीत, तर सर्व्हरवरचे निरोप परत मिळतील याचा भरवसा नाही.